कल्याणप्पांचा मलमली टेलिव्हिजन

॥ खंडेरायाची कृपा असावी ॥

मु. पो. अणदूर, ता. तुळजापूर,
जि. उस्मानाबाद.
गुरुवार, चैत्रातली दुपार, १९६२

तीर्थस्वरूप वीरप्पामामांच्या पायांशी अणदूरहून बसवराजचे शरणार्थ.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच कोनाड्यात टाकलं नसेल, आणि टाकलं असेल तर गिरिजामामींनी ते हळूच तुमच्या चष्म्याखाली सरकवलं असेल, या भरवशावर लिहायला बसलो आहे. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? (उजवा असल्यास क्षमा असावी, तीन महिन्यांत माझ्या आठवणीत बरीच उलथापालथ झाली आहे.) मामींचा खोकला उन्हाळ्यात उतरला असेल. दुकानातल्या चादरींना गिऱ्हाईक असेलच. मला काळजी आहे ती बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाची. रोज सकाळी त्याला किल्ली द्यायचं काम माझं होतं आणि मी निघून आलो त्या दिवशी ते राहून गेलं, हे मला एस.टी. बोरामणी ओलांडून गेल्यावर आठवलं. तेव्हापासून माझ्या मनात तुमच्या घरी सव्वाअकराच वाजलेले आहेत. तुम्ही धोतराचा सोगा धरून जिना उतरता आहात आणि मामी ताक घुसळता आहेत, सगळं तिथंच थांबलेलं आहे. कुणी किल्ली देत असल्यास कळवावं, म्हणजे मीही ते घड्याळ मनात चालू करीन.

पत्राचं मुख्य कारण तुमची छत्री. मी सोलापूर सोडलं तेव्हा पौष होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी तुमची छत्री मी का उचलली असं तुम्ही आईला दोन पत्रांतून विचारलंत. खरं सांगायचं तर रागानं घर सोडणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी असावं लागतं आणि खुंटीला तेवढीच होती. राग तुमच्यावर नव्हता. बाबा गेल्यापासून तुम्ही मला दोन वर्षं घरी ठेवून शिकवलंत, तुमच्यावर कसा असेल? राग आमच्या प्राध्यापकांवर होता. ते भर वर्गात म्हणाले, की चित्र हवेतून पाठवण्याचा उद्योग विलायतेत चालतो, पण या मुलखात तो पाहायला तुमची नातवंडं जन्माला यावी लागतील. मी उभा राहिलो आणि सांगितलं, आमच्या अणदुरात टेलिव्हिजन आहे, त्यावर दर रविवारी सवाल-जबाबाचा खेळ चालतो आणि चंपाषष्ठीच्या सुट्टीत मी तो या डोळ्यांनी पाहिला आहे. साठ जणांचा वर्ग हसला. मी वर्गातून बाहेर पडलो, मग (पाय थांबेनात म्हणून) कॉलेजातून, मग तुमच्या घरातून आणि मग सोलापुरातून.

आता टेलिव्हिजनचं ऐका. वेशीजवळचे कापडवाले कल्याणप्पा तुम्हाला आठवत असतील. आईसाठी तुम्ही त्यांच्याकडून एकदा इरकल घेतलं होतंत आणि बाहेर पडल्यावर म्हणाला होतात, की हा माणूस गिऱ्हाइकापेक्षा जगाचा विचार जास्त करतो. ते दोन वर्षांपूर्वी दिल्लीला प्रदर्शन पाहायला गेले. तिथं एका खोलीत एक साहेब खुर्चीवरच्या माणसांना सवाल विचारत होता आणि शेजारच्या खोलीत, काचेच्या पेटीत, तीच माणसं बोटभर होऊन जबाब देत होती. कल्याणप्पा त्या पेटीपुढं पायातला जोडा हरवेपर्यंत उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी ठरवलं, की सरकार अणदूरला पोचेपर्यंत अणदूरनं थांबायचं कारण नाही. दुकानामागं पत्र्याची एक रिकामी शेड आहे. तिच्यात त्यांनी एक जुनी दरवाजाची चौकट आडवी करून चार पायांवर उभी केली, काळा रंग दिला आणि तिच्यावर दुकानातली मलमल ताणून बसवली. मलमल अशासाठी, की दिल्लीच्या पेटीतली माणसं जरा धुरकट दिसत होती आणि धुरकटपणा हाच टेलिव्हिजनचा प्राण आहे असं त्यांचं ठाम मत झालं होतं. आपल्याकडे पेटीत बसलेला माणूस खराच असतो, एवढाच काय तो फरक. ती आपण केलेली सुधारणा आहे, असं ते पाहुण्यांना सांगतात.

शेडच्या पत्र्याला एक भोक आहे. रविवारी दुपारी तीनच्या सुमारास त्यातून उन्हाचा खांब उतरतो आणि चौकटीत शिरतो. तो शिरला की प्रसारण सुरू, सरकून भिंतीवर चढला की बंद. मध्येच ढग आला तर कल्याणप्पा 'व्यत्यय' अशी पाटी लावतात आणि मंडळी तेवढ्यात पान जुळवून घेतात. दिल्लीला माणसांच्या मागं सगळं काळं होतं, म्हणून इथंही काहीतरी काळं हवं होतं, आणि अशा वेळी मी तुमची छत्री घेऊन गावात उतरलो. तेव्हापासून ती उघडून चौकटीमागं बांधलेली असते. रागावू नका मामा. तुमच्या छत्रीइतकी नजरेसमोर असलेली छत्री या जिल्ह्यात दुसरी नसेल.

खेळ असा. चौकटीत दोघं बसतात. एकापुढं बैलाच्या गळ्यातली घंटा, दुसऱ्यापुढं पितळी तांब्या आणि पळी, म्हणजे आधी कोण वाजलं ते आवाजावरून कळावं. कल्याणप्पा सवाल टाकतात. जो आधी वाजवील त्यानं जबाब द्यायचा. बरोबर आला तर पाटीवर त्याच्या नावे एक रेघ, चुकला तर असलेली एक पुसायची. येत नसेल तर 'पुढं' म्हणायचं, त्याला दंड नाही आणि लाजही नाही. (सवाल सगळे अवघडच असतात असं नाही. 'देव सध्या कुठं आहे?' असा एक होता. खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला राहतो हे माहीत नसलेला एक पाहुणा 'सर्वत्र' म्हणाला आणि त्याची रेघ पुसली गेली.) असे बारा झाले की शेवटी लाखेनं बंद केलेला लखोटा फुटतो. त्यातला सवाल तीन रेघांचा. तो मागच्या रविवारच्या विजेत्यानं लिहिलेला असतो आणि ज्याच्या रेघा कमी त्याला आधी विचारतात. कल्याणप्पा दहा आकडे मोजतात, तेवढ्यात जबाब आला नाही किंवा 'पुढं' झालं, तर तो दुसऱ्याकडे जातो. विजेत्याला फेटा.

नियम सहाच होते. सातवा हरणाबाईमुळं झाला. हरणाबाई म्हणजे आमच्या मागच्या आळीची म्हातारी, बक्षिसाच्या फेट्याचं धडुतं करीन म्हणून खेळायला बसलेली. तिला सवाल आला, अणदूर कोणत्या तालुक्यात? ती म्हणाली, हितनं पलीकडं, देवीचं गाव. कल्याणप्पा म्हणाले, नाव सांगा. ती म्हणाली, सांगितलं की, जिथं भवानी बसलीय ते. पाव तास हे चाललं, ऊन निम्मं सरकलं. शेवटी बायकांच्या बाजूनं आवाज आला, की तिचे मालक तुळजाराम होते, त्यांचं नाव ज्यात येतं त्या गावाचं नाव ती मेली तरी घेणार नाही. कल्याणप्पांनी रेघ दिली आणि दुसऱ्या दिवशी फळीवर सातवा नियम रंगवला: 'पतीच्या नावाशी जुळणारे उत्तर विवाहित स्त्रियांनी खुणेने द्यावे. अविवाहितांस ही सवलत नाही.' (नाहीतर शाळेतल्या पोरी सगळीच उत्तरं खुणेनं द्यायला लागल्या असत्या.)

पाटीवर रेघा मारायचं काम कल्याणप्पांची मुलगी शिवकांता करते. ती सातवी पास आहे आणि रोज पहाटे वचनं म्हणते, आमच्या परसातून ऐकू येतात. तिचा या पत्राशी तसा काही संबंध नाही. तुमच्या छत्रीचा आणि तिचा मात्र आहे, कारण चौकटीच्या कडेला, छत्रीच्या काळ्या आभाळाला टेकूनच तिचं स्टूल असतं. मी चंपाषष्ठीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलमलीतून दिसणारा तो हात, खडू धरलेला, आधी मला कुणाचा तरी वाटलाच नाही, नुसता उजेडाचा वाटला. मग पाटी दिसली, मग कपाळावरची विभूती. मामा, धुरकटपणाबद्दल कल्याणप्पांचं म्हणणं अगदी खरं आहे. एरवी ती नळावर दिसते, दुकानात दिसते, पण मलमलीतून पाहिल्यावर असं वाटतं, की ती फार लांब कुठंतरी, दिल्लीच्याही पलीकडे आहे, आणि तिथून आपल्याकडे पाठवली जाते आहे. मी दर रविवारी खेळायला बसायचो. आत बसलं की बाहेरचं गाव धुरकट होतं, माणसं, पारवे, उन्हात तरंगणारी सरकीची धूळ, सगळं मंद होत जातं, आणि हाताच्या अंतरावर ती एकटी स्पष्ट असते. अशा ठिकाणी माणसाला नर्मदेचा उगम कसा आठवावा? मी सलग अकरा रविवार मकबूल मास्तरांकडून हरलो. (मास्तर इथल्या शाळेत आहेत, मूळचे तामलवाडीचे. अकबराच्या बारशापासूनच्या तारखा त्यांना पाठ आहेत.) गावात माझं नाव 'अर्धा बी.ए.' पडलं. एकदोघांना त्यापायी मी सुनावलं, एकाच्या सायकलीची हवा सोडली, पण खेळायचं सोडलं नाही.

गेल्या रविवारी मकबूल मास्तर आले नाहीत. तामलवाडीला घरी गेले होते, तिकडंच ताप आला असा निरोप होता. त्यांनी लिहिलेला लखोटा तेवढा पोचला होता. ऊन चौकटीत येऊन थांबलं होतं, मंडळी जमली होती आणि माझ्यासमोर कुणी बसेना. कल्याणप्पा म्हणाले, दिल्लीच्या पेटीत बाया पण होत्या, आपण काय मागास आहोत? आणि त्यांनी शिवकांतालाच बसवलं. पाटी पहिल्या रांगेत बसलेल्या हरणाबाईकडं दिली. मामा, त्यानंतरच्या अर्ध्या तासात कोणते सवाल झाले ते मला विचारू नका. माझा हात आपोआप घंटा वाजवत होता आणि तोंडातून जबाब निघत होते, बरोबरसुद्धा निघत होते. ती दोनदा हसून 'पुढं' म्हणाली, उगाच आव आणला नाही. बारा संपले तेव्हा माझ्या सहा रेघा होत्या आणि तिच्या चार. लखोट्याच्या तीन मिळाल्या असत्या तर तीच जिंकत होती. मी मनात म्हणत होतो, जिंकू दे. आधीच ऐकलं होतं, की आठवड्यानं, म्हणजे या येत्या सोमवारी, लोहारा गावची दुकानवाली मंडळी तिला पाहायला येणार आहेत. म्हटलं, निदान फेटा तरी तिच्या घरी राहू दे.

कल्याणप्पांनी लाख फोडली आणि वाचलं: कल्याणला अनुभवमंटप उभारणारे महात्मे कोण?

आता सांगा मामा, आपल्या लोकांत पाळण्यातलं पोरही हे सांगेल. ती तर रोज पहाटे त्यांचीच वचनं म्हणते. मी घंटेवरचा हात काढून घेतला आणि वाट पाहिली. ती बोलली नाही. मान खाली घातली आणि पळी दोन्ही हातांत धरली. कल्याणप्पा मोजायला लागले. चारपर्यंत मला वाटलं, शब्द जुळवत असेल. पाचाला बायकांच्या बाजूची कुजबुज एकदम थांबली, कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि मग तेही थांबलं. सातावर माझं डोकं तापलं. ही मुद्दाम हरते आहे. येत नसतं तर 'पुढं' म्हणाली असती, मघाशी दोनदा म्हणालीच होती. अकरा रविवार हरलेल्या अर्ध्या बी.ए.ची हिला दया आली आहे, सोमवारी लोहाऱ्याला द्यायची ती, जाता जाता मला फेटा देऊन चालली आहे. कल्याणप्पांनी 'दहा' म्हटलं आणि माझ्याकडे वळले, तोवर मी उभा राहिलो होतो. सगळ्या गावासमोर म्हणालो, "मला कुणाची भीक नको. उत्तर येत असून गप्पच बसायचं असेल तर माणसानं खेळायला बसू नये."

तिनं एकदाच वर पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हे मी तेव्हा पाहिलं, पण मला वाचता आलं नाही.

चौकट बुटकी आहे, हे मी विसरलो होतो. तावातावानं निघताना कपाळ लाकडावर आपटलं, तोल गेला, तुमच्या छत्रीला धरायला गेलो, तिच्यासकट पुढं झुकलो आणि मलमल फाडून थेट बाहेर, पहिल्या रांगेतल्या हरणाबाईच्या मांडीवर पडलो. अंगावर मलमल, हातात छत्री, खाली हरणाबाईचा पानाचा बटवा. टेलिव्हिजनमधून बाहेर पडलेला मी देशातला पहिलाच माणूस असेन. मंडळी इतकी हसली, की पारवे उडून गेले. कल्याणप्पा मात्र हसले नाहीत. ते मुलीकडे पाहत राहिले, मग त्यांनी चौकट उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि प्रसारण पुढील सूचनेपर्यंत बंद असल्याचं सांगितलं. फेटा कुणालाच मिळाला नाही.

तीन दिवस मी घरात पडून होतो. आईनं काय झालं ते विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. काल दुपारी हरणाबाई आली. मला वाटलं, बटव्याबद्दल बोलेल. ती बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "काय रं, शिकलेला हाईस ना तू?"

मी म्हटलं, अर्धा.

"मग उरलेलं अर्धं ऐक. माझा धनी जाऊन अकरा वर्सं झाली. त्या देवीच्या गावाचं नाव अजून माझ्या तोंडात न्हाय. का न्हाय?"

मी म्हटलं, मालकांचं नाव त्यात येतं म्हणून. सगळ्या गावाला माहीत आहे.

"व्हय ना? आन् तुझं नाव काय?"

मामा, माझं नाव मला आठवावं लागलं. मग मी लखोट्याचा जबाब, बसवेश्वर हा शब्द, मनात म्हटला, मग बसवराज हा म्हटला, मग पुन्हा पहिला. हरणाबाई अडकित्त्यानं सुपारी कातरत होती, तो आवाज फार लांबून येत होता. 'पुढं' म्हणावं तर ते खोटं झालं असतं. नाव घ्यावं तर तिच्यानं घेववत नव्हतं. खुणेनं सांगावं तर सातवा नियम आडवा, लग्न न झालेल्यांना सवलत नाही, आणि ती फळी तिच्या बापानंच रंगवलेली. बायकांच्या बाजूला हे पाचाच्या आकड्याला कळलं होतं. कल्याणप्पांना दहाला कळलं. मला बुधवारी. हरणाबाई उठताना म्हणाली, "लई शिकू नगंस बाबा. हाय तेवढंच लई झालंया."

असो. छत्रीची एक काडी वाकली आहे, ती मी सरळ करून ठेवली आहे. एस.टी.नं पाठवली तर वाटेत हरवेल, तेव्हा रविवारी तुम्ही स्वतः येऊन न्यावी हे बरं. येताना कोट आणि जरीचा रुमाल घालावा. खास कारण काही नाही, इकडे धूळ फार आहे. मामींना शरणार्थ, घड्याळाला माझी आठवण.

तुमचा भाचा,
बसवराज

ता. क. प्राध्यापकांविषयी वर लिहिलं आहे त्यात थोडी दुरुस्ती. ते मला बाहेर जा असं म्हणाले नव्हते, 'खाली बस' म्हणाले होते. बाहेर मीच गेलो. चंपाषष्ठीहून परत आल्यापासून माझं पुस्तकात लक्ष लागत नव्हतं, मला रविवारी इथं असायचं होतं, आणि त्याला एक भांडण हवं होतं. ते भांडण तुमच्या घरात झालं नाही, पण त्याची झळ तुम्हाला लागली. जूनमध्ये मी पुन्हा नाव घालतो. हे कुणी सांगितलं म्हणून नाही. अर्ध्या माणसाला कुणी मुलगी देत नाही, म्हणून.

ता. क. दुसरा. मकबूल मास्तर आत्ताच येऊन गेले, अगदी ठणठणीत. तापाचं विचारलं तर म्हणाले, "बुखार कसला भाऊ? अकरा हप्ते मी तुझ्या बाजूला बसलोय. तू सवालाकडं पाहत नव्हतास, ते मला दिसत होतं. ती पण पाटीकडं पाहत नव्हती, ते तुला दिसलं न्हाय. म्हणून लखोटा लिहिला आणि घरी जाऊन झोपलो." मी त्यांच्यावर रागावणार होतो, पण राग सापडला नाही.

ता. क. तिसरा, आणि हाच आधी वाचावा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात हरणाबाई पुन्हा आली. तिच्या बटव्यात, चुन्याच्या डबीखाली, लखोट्यातली तीच चिठ्ठी होती, मकबूल मास्तरांच्या अक्षरातल्या सवालाची. पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलं आहे. जसंच्या तसं उतरवतो, कारण मूळ मी कुणाला देणार नाही:

'उत्तर मला येते. सातवा नियम मला लागू व्हावा असे वाटत असेल तर सोमवारच्या आधी तुमच्या मामांना बोलणी करायला पाठवा. बाबा रागावलेले नाहीत, ते चौकटीला नवी मलमल लावत आहेत. छत्री मात्र मामांनी परत मागू नये. तिच्याशिवाय मागचे काळे जमत नाही.'

आई म्हणते, बोलणी करायला घरातला थोरला पुरुष लागतो आणि आमच्या घरी तो तुम्हीच. चारचं टपाल निघतं आहे. पत्र शनिवारी हाती पडेल. रविवारची पहिली एस.टी. धरलीत तर ऊन चौकटीत यायच्या आत पोचाल.

तेव्हा मामा, छत्रीसाठी येऊ नका. पण या.